खालमानेचा जावई

डोंबिवली (पूर्व)
८ जुलै १९९६

प्रिय रतन,

काल तू "तुम्ही जा" एवढंच म्हणालीस, म्हणून निघालो. चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. वाटलं, कोणीतरी थांबवेल. जिन्यात सासूबाईंनी अनारशांचा डबा तेवढा हातात दिला, त्याही माझ्याकडे न बघता.

इथे आईला सांगितलंय की तुझ्या वडिलांची तब्येत बरी नाही म्हणून तू चार दिवस ठाण्यालाच राहणार आहेस. तसं हे खोटं नाही. मामांना झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात अजून नीट चालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आई विचारत होती, पहिला धोंडा कसा झाला. मी पुरणाचे धोंडे सांगितले, अनारसे सांगितले, अंगठी दाखवली. मग म्हणाली, "आणि पाय कोणी धुतले रे? त्यांना वाकता येतं का?" मी म्हटलं, येतं.

झालं ते वाईटच झालं. पण तू माझी बाजू ऐकूनच घेतली नाहीस. डोक्यावर पंखा खडखडत होता. स्वयंपाकघरात तुझ्या आत्या मोठमोठ्याने बोलत होत्या. अशात मामा "दुसरा पाय द्या" म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी स्वतःच माझा पाय उचलायला नको होता. मी जावई असलो तरी वयाने त्यांच्या मुलासारखा, त्यांनी जरा जोरात सांगितलं असतं तर मी पाय दिला असता. त्यात ती परात लादीवर सरकली. त्याला कोण काय करणार?

माझ्या मांडीवर पंचा होता आणि पंच्याखाली तो व्हिडिओ गेम होता, हे मी नाकारत नाही. पण त्याचा एवढा बाऊ करण्यासारखं त्यात काय आहे? कंपनीत निम्म्या पोरांकडे आहे. कोणी तंबाखू मळतो, कोणी पत्ते कुटतो, मी विटा रचतो. शिवाय त्याचा आवाज मी बंद ठेवला होता, कोणाला त्रास नको म्हणून.

तो गेम तिथेच पाटाजवळ राहिला. राहू दे. फेकून दे. मला त्याची गरज नाही, हे तुला दिसेलच.

रविवारी न्यायला येऊ का?

तुझा,
आनंदा

ता. क. फेकणारच असशील तर आतले सेल काढून ठेव. नवे आहेत.


डोंबिवली
२० ऑगस्ट १९९६

प्रिय रतन,

माझ्या एकाही पत्राचं उत्तर नाही. मध्ये शाळेजवळच्या दुकानातून फोन केला तर तुमच्या खालच्या वाण्याने निरोप घेतला आणि म्हणाला, ताई घरात नाहीत. मागे तुझाच आवाज ऐकू आला असं मला वाटलं. नसेलही.

काल नागपंचमी झाली. समोरच्या गंगुबाईंनी आईला गॅलरीतूनच गाठलं. "सून माहेरी रमली वाटतं?" आई म्हणाली, "श्रावण आहे, राहू दे पोरीला." गंगुबाई म्हणाल्या, "मागच्या श्रावणात तर दोन दिवसांत परत आणलेली तुमच्या लेकाने." आईने घरात येऊन पातेलं आपटलं.

माझं ठीक चाललंय. कंपनीत मला पॅकिंगला दिलंय. रंग शिजतो त्या रिॲक्टरवर उभं राहून डोळ्यांना त्रास होतो, वास बसतो अंगाला, त्यापेक्षा पॅकिंग बरं. गुणाजी अजून रिॲक्टरवरच आहे. लग्नात तुझ्या भावाबरोबर पंक्तीत वाढत होता तो. हल्ली तो माझ्याशी फारसा बोलत नाही. त्याचा स्वभावच तसा आहे.

त्या वस्तूला मी हात लावलेला नाही. ती तुझ्याकडेच आहे, तेव्हा तुला वेगळी खात्री द्यायला नको. तू समजतेस तसं ते काही व्यसन नव्हतं. व्यसन असतं तर सुटलं असतं का असं?

मागच्या महिन्यात विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या बाजारात गेलेलो, पँटचं कापड बघायला. कापड काही पसंत पडलं नाही. नुसताच फिरून आलो.

घरात बाकी सगळं जागच्या जागी आहे. भिंतीवरचं घड्याळ तेवढं सारखं बंद पडतंय. दुरुस्तीला द्यायला हवं. आई मला विचारते, "तुझ्या अंगठ्याला काय झालंय, कातडी का सोलवटली?" पॅकिंगच्या सुतळीने होतं तसं.

मामांना नमस्कार. त्यांना त्या दिवशी लागलं तर नाही ना? विचारायचं राहून गेलं.

तुझा,
आनंदा


डोंबिवली
२४ सप्टेंबर १९९६

रतन,

गणपतीत तू आली नाहीस. गौरी आईने एकटीने बसवल्या. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, सूनबाई कुठे आहे, आणि आई प्रत्येकाला वेगळं सांगायची. कोणाला सांगितलं तुला ताप आहे, कोणाला सांगितलं मामांना ताप आहे. नंदामावशीला ती दोन्ही उत्तरं ऐकू आली. मावशी म्हणाली, "हौसा, एक काहीतरी ठरव."

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो होतो. आईने ताट वाढलं. भात, आमटी, भाजी, आणि मिठाच्या जागी व्हिडिओ गेम ठेवला. धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात तिला सापडला.

"हे ठाण्याला राहिलं होतं ना?"

मी म्हटलं, "हा दुसरा आहे."

"कधी घेतलास?"

"झाले थोडे दिवस."

"त्या कापडाच्या दिवशी," आई म्हणाली. मग तिने भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघितलं, खुर्चीवर चढली, घड्याळ काढलं, मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हता. तिने घड्याळ माझ्या ताटाशेजारी उपडं ठेवलं.

"दारू पीत असतास तर चार बायका माझ्याजवळ येऊन रडल्या असत्या," ती म्हणाली. "बाहेर एखादी असती तर मी तिच्या दारात जाऊन भांडले असते. याचं मी काय सांगू लोकांना? सून गेली, कारण माझा पंचवीस वर्षांचा घोडा विटा रचतो?"

मला हसू आलं, रतन. तिला नाही आलं.

तर मी तुला लिहिलेलं सगळं खरं नव्हतं. पॅकिंगचंही नव्हतं. रिॲक्टरवर असताना तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची आणि वाफ कमी-जास्त करायची, एवढंच माझं काम. मी काट्याकडे पाठ करून पिंपावर खेळत बसलो होतो. काटा वर गेला तो मला दिसला नाही, गुणाजीला लांबून दिसला. तो धावत आला, त्याने वाफ तोडली. सगळा माल काळा पडला. साहेबांनी विचारलं तेव्हा गुणाजी म्हणाला, काटा अडकला असेल साहेब, जुना झालाय. साहेब गेल्यावर मला म्हणाला, "आज माल काळा झाला. उद्या आपण होऊ. माझ्या पाळीत परत दिसू नकोस, आनंदा." मीच अर्ज करून पॅकिंग मागून घेतलं. आता तो डब्याच्या वेळी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो.

हे लिहिलंच आहे तर तेही लिहितो. मामांचं "दुसरा पाय द्या" मला ऐकू आलं होतं. पंख्याचा काही संबंध नव्हता. पहिल्यांदाही ऐकू आलं, दुसऱ्यांदाही. मी म्हटलं, "एक मिनिट."

तुला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. मामांना गेलं. ते परातीवर तसेच वाकून थांबले. हातातला तांब्या थरथरत होता, मला त्यातलं पाणी हलताना दिसत होतं. तरी मी खालीच बघत होतो. मग त्यांनी तांब्या खाली ठेवून चालत्या हाताने माझी टाच धरली आणि दुसऱ्या हाताने उचलायला गेले. तो हात नुसताच माझ्या पायावरून घसरला, आणि ते परातीत बसले. धोतर भिजलं. तुम्ही सगळ्या धावून आलात. मी पाटावरून उठलो नाही. का उठलो नाही, याचं उत्तर तुला माहीतच असेल. एक ओळ भरायची राहिली होती.

यात काय आहे, असं तू मला एकदा विचारलं होतंस. मी तुला गेमच दाखवायला लागलो होतो. खरं सांगायचं तर यात काहीच नाही. वरून विटा पडतात, त्या बसवायच्या. ओळ पूर्ण झाली की ती नाहीशी होते. पण तेवढा वेळ कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मला लहानपणापासून माणसांकडे बघून काय बोलावं ते सुचत नाही. खाली बघायला काहीतरी मिळालं.

आता आईने तो काढून घेतलाय. या वेळी खरंच.

आनंदा


डोंबिवली
१८ ऑक्टोबर १९९६

प्रिय रतन,

तुझं पत्र आलं. आंतरदेशीय पत्रावर तुझं अक्षर बघून ते फोडायला हात धजेना. कडेची पट्टी फाडताना दोन शब्द फाटले, ते मी जुळवून वाचले.

मामांनी तो गेम रुमालात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवलाय, हे वाचून मला बसवेना. "जावयाची वस्तू आहे, हरवायला नको" असं ते म्हणतात. आणि त्यांनी आतले सेल काढून ठेवलेत, ते पाझरून वस्तू खराब होऊ नये म्हणून. मी तुला सेल काढायला का सांगितलं होतं आणि त्यांनी ते का काढले. नको, त्यावर काही लिहीत नाही.

बाकी तू जे विचारलंस त्याबद्दल. तू लिहिलंस की लग्नात भटजी उंच होते आणि अंतरपाट आखूड, त्यामुळे खालून तुला माझे पाय आणि कमरेपर्यंतचा भाग दिसत होता. वर बघायचं नाही अशी आत्यांनी तंबी दिली होती म्हणून तू खालीच बघत होतीस. माझ्या हातांवर हार होता, हारावर शेला, आणि शेल्याच्या काठाखाली माझे दोन्ही अंगठे सारखे हलत होते. तुझे शब्द असे आहेत: "मला वाटलं, हे माझ्यापेक्षा जास्त घाबरलेत. बघायला आला होतात तेव्हा तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंही नव्हतं, तेव्हापासून मनात धाकधूक होती. ते अंगठे बघितले आणि धाकधूक गेली. म्हटलं, मऊ माणूस आहे. वर्षभर तुम्ही गप्प बसायचात तेव्हा मी तेच आठवायचे. धोंड्याच्या दिवशी पंच्याखाली अंगठे हलताना दिसले. तसेच. तुम्ही बाबांना पाडलंत, त्यासाठी मी इथे राहिलेली नाही. बाबांनी तर तुम्हाला तेव्हाच माफ केलं. मला एकच सांगा. लग्नात तुम्ही घाबरला होतात की तेव्हाही खेळत होतात?"

रतन, काहीतरीच काय विचारतेस? लग्नात कोण खेळेल? घाबरलोच होतो. एवढी माणसं, ते ताशे, तो फेटा. घसा कोरडा पडला होता. तू पाहिलंस ते बरोबरच पाहिलंस.

उत्तराची वाट बघतो.

तुझा,
आनंदा


डोंबिवली
४ नोव्हेंबर १९९६

प्रिय रतन,

तुझं दुसरं पत्र मिळालं. "पाडव्याला या. बाबा म्हणतात, औक्षण झालं की दोघं बरोबरच डोंबिवलीला जा." आणि खाली बारीक अक्षरात, "मला बरं वाटलं."

आईला वाचून दाखवलं. तिने भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला, स्वतः बाजारात जाऊन आणलेला. संध्याकाळी गंगुबाईंना हाक मारून सांगितलं, पाडव्याला आणायला जातोय हा. आज ती तुझ्यासाठी साडी घेऊन आली, डाळिंबी रंगाची. मला विचारते, "आवडेल ना तिला?" मी म्हटलं, आवडेल.

मी येऊन समोर सांगायला हवं होतं. पण तू दार उघडून हसलीस तर मी पुन्हा खोटं बोलेन, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितोय. पाडव्याच्या आत तुला हे मिळेल.

लग्नात मी घाबरलो नव्हतो.

मुलाकडच्या खोलीत मला फेटा बांधून बसवून ठेवलं होतं. तो गेम तेव्हा नवाच होता. डाव चांगला रंगला होता. गावचा भाऊ बोलवायला आला, "चल की रे, भटजी खोळंबलेत, पोरगी उभी आहे." मी त्यालाही म्हटलं, एक मिनिट. मग डाव तसाच थांबवला, ते करता येतं, आणि शेल्याखाली धरून बोहल्यावर आलो. पहिलं मंगलाष्टक होईपर्यंत मी हात लावला नव्हता. हे खरं आहे, पण तू ते खरं मानावंस असं मी काही ठेवलेलं नाही.

दुसऱ्या मंगलाष्टकापासून खेळत होतो. माझ्यामागे आमच्याकडच्या बायका म्हणत होत्या, "नवरा किती खालमानेचा आहे गं, मान वर करत नाही." मला ते ऐकू येत होतं आणि बरं वाटत होतं, की कोणाला कळलेलं नाही. अक्षता पडत होत्या. तांदळाचा एक दाणा शेल्यातून खाली येऊन बरोबर काचेवर पडला. तो मी अंगठ्याने बाजूला केला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा हे लिहायला बसलो होतो. बरंच लिहून झालं होतं. मग तू लिहिलेलं "मऊ माणूस" पुन्हा वाचलं. मला कोणी कधी तसं म्हटलेलं नाही. ते सोडवेना, म्हणून तो कागद फाडला आणि ते दुसरं पत्र पाठवलं. तू त्यावर विश्वास ठेवलास. माझ्यासाठी खोटं बोलणारे गुणाजी आणि आई होतेच, तुलाही मी माझ्या खोट्यात आणून बसवलं. औक्षणाला मी पाटावर बसलो असतो, तू दिवा ओवाळला असतास, आणि तुझ्या मनात ते अंगठे असते. मला ते जमणार नाही. धोंड्याच्या दिवशी ज्या पाटावर बसलो होतो, तोच पाट असेल तो.

दुसरा गेम आईने तांदळाच्या डब्यात लपवलाय. मला माहीत आहे हे तिला माहीत नाही. आज ती साडी आणायला गेली तेव्हा मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तो हाताला लागला. धरला. मग सोडून हात बाहेर काढला, आणि सांडलेले तांदूळ वेचत बसलो. हे मी शाबासकीसाठी लिहीत नाही. उद्याचं मला सांगता येत नाही. दोन वेळा सुटलं असं तुला लिहून झालंय.

तू नको म्हणालीस तर मी येणार नाही. साडी तुला पोचती करीन, आणि आईला कारण मीच सांगेन, या वेळी ताप कोणालाच नसेल. ये म्हणालीस तर येईन, पण पाटावर बसणार नाही. मामांजवळ खाली बसेन. त्यांना हे पत्र वाचून दाखव. निदान ती वस्तू देवघरातून तरी ते काढतील.

आता एकच राहिलं. तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील.

शेवटचं "सावधान" झालं आणि ताशे वाजायला लागले. मी दचकलो, वीट भलत्याच जागी पडली, ढीग वरपर्यंत गेला आणि डाव संपला. त्याच वेळी अंतरपाट बाजूला झाला. मी वर बघितलं. तू माझ्याकडे बघून हसत होतीस, धीर दिल्यासारखी. मला कळेना, ही कशासाठी धीर देतेय. हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

माझं तोंड उतरलेलं तुला दिसलं असेल, ते खरं आहे. ते डाव गेला म्हणून उतरलं होतं. तुझ्याकडे मी त्यानंतर बघितलं.

आनंदा